मुक्त सॉफ्टवेअर कोणासाठी मुक्त?

इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाने संगणकाच्या जगात बराच घोटाळा करून ठेवला आहे. त्याचा एक अर्थ फुकट आणि दुसरा मुक्त. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा फरक पुन्हा पुन्हा समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे तशी अडचण नसावी. फुकट मिळालेले लुगडे आणि मुक्त झालेली बाई यांत गल्लत करणारा मराठी माणूस मला अद्याप भेटलेला नाही. तरीसुद्धा ‘मुक्त सॉफ्टवेअर’ म्हटले की पहिला प्रश्न येतो तो ‘म्हणजे पैसे पडत नाहीत ना?’ हाच. म्हणून आधी थोडे स्पष्टीकरण देते. त्यानंतर या मुक्तीला स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी आणि कलावंतांनी जे अवघड प्रश्न विचारले त्यांच्याकडे वळता येईल.

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या आज्ञांची मालिका. ती प्रथम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिली जाते आणि मग यंत्राला कळेल अशा आकड्यांत तिचे रूपांतर होते. बहुतेक कंपन्या आपल्याला देतात ते हे रूपांतर. मूळ मजकूर त्या कुलपात ठेवतात. १९८३ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी या पद्धतीविरुद्ध ‘ग्नू’ नावाच्या प्रकल्पाची घोषणा केली. त्यांच्या मते वापरणाऱ्याला चार स्वातंत्र्ये हवीत. कोणत्याही कामासाठी सॉफ्टवेअर चालवण्याचे, ते कसे चालते हे वाचून त्यात बदल करण्याचे, त्याच्या प्रती दुसऱ्यांना देण्याचे आणि आपण बदललेली आवृत्तीही वाटण्याचे. १९८९ साली त्यांनी या विचाराला कायद्याची जोड देणारा परवाना तयार केला. या परवान्याचे सॉफ्टवेअर जो सुधारून पुढे देईल त्याने हीच स्वातंत्र्ये पुढच्यालाही दिली पाहिजेत, अशी त्यातील अट आहे. १९९१ साली आलेला लिनक्स हा गाभा लवकरच याच परवान्याखाली आला, आणि आज आपल्यापैकी बहुतेकांच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तोच आहे.

हे समजावताना स्टॉलमन स्वयंपाकाच्या कृतीचा दाखला देतात. कृती शेजारणीला सांगता येते, तीत मीठमसाला कमीजास्त करता येतो. मग सॉफ्टवेअरचेही तसेच का नसावे? दाखला चपखल आहे. पण वाचताना माझ्या मनात आले की, शेंगाचटणीची कृती एका घरातून दुसऱ्या घरात गेली, सुधारली, लेकीबरोबर सासरी पोहोचली, या व्यवहाराला शेकडो वर्षांत कोणी ‘चळवळ’ म्हटले नाही. तोच व्यवहार संगणकावर सुरू झाला आणि त्याला जाहीरनामा मिळाला.

आता खरा प्रश्न. ही चार स्वातंत्र्ये स्त्री-पुरुष असा भेद करीत नाहीत. दार सर्वांना उघडे आहे. मग आत कोण आले? युरोपीय आयोगाच्या अर्थसाहाय्याने झालेल्या ‘फ्लॉसपोल्स’ या पाहणीचा अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुक्त सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १.५ टक्के असल्याचे आढळले. कुलूपबंद सॉफ्टवेअर बनवणाऱ्या क्षेत्रात हेच प्रमाण २८ टक्क्यांच्या घरात होते. हे आकडे मी दोनदा वाचले. ज्या कंपन्यांना आपण बंदिस्त म्हणतो तिथे शंभरात अठ्ठावीस बायका, आणि जिथे दारच नाही तिथे दोनसुद्धा नाहीत!

त्याच वर्षी घडलेली एक गोष्ट या आकड्यांवर चांगला प्रकाश टाकते. विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात मानधन देऊन मुक्त सॉफ्टवेअरचे काम देण्याची गूगलची एक योजना आहे. २००६ साली त्या योजनेत ‘नोम’ या प्रकल्पाकडे १८१ अर्ज आले आणि त्यांत एकही मुलगी नव्हती. ‘मुलींना यात रसच नसतो’ असे म्हणून कोणीही मोकळे झाले असते. नोमच्या मंडळींनी तसे न करता केवळ मुलींसाठी वेगळी योजना जाहीर केली. तेव्हा मोजक्या सहा जागांसाठी शंभराच्या आसपास अर्ज आले! मुली होत्याच, पहिली जाहिरात आपल्यासाठी आहे असे त्यांना वाटले नव्हते, एवढेच. ही योजना २०१० साली पुन्हा सुरू झाली, पुढे ‘आउटरीची’ या नावाने वाढली आणि भारतातील अनेक मुलींनीही तिचा लाभ घेतला आहे.

असे का वाटत नाही, याचे एक उत्तर वेळ हे आहे. मुक्त सॉफ्टवेअरमधील शिरकाव बहुधा बिनपगारी कामातून होतो. आज मोठ्या कंपन्या पगार देऊन हे काम करून घेतात हे खरे, परंतु नाव होते ते आधी रात्री जागून, सुट्टी घालवून केलेल्या कामामुळे. रात्र आणि सुट्टी या दोन गोष्टी कोणाच्या मालकीच्या असतात हे आपल्या वर्गातील कोणत्याही मुलीला विचारावे. संगणक-कक्ष तीन ते पाच उघडा असतो आणि माझ्यासारख्या काहीजणींची एस.टी. साडेतीनला सुटते. जो अर्धा तास हाती लागतो त्यात एका यंत्रापुढे तिघे-चौघे. माऊस मुलाच्या हातात, आणि मुली वहीत पायऱ्या उतरवून घेतात. कोणी कोणाला मज्जाव केलेला नसतो. मुलांची वृत्ती वाईट असते असेही मी म्हणत नाही. उलट ते उत्साहाने ‘थांब, मी करून देतो’ म्हणतात. ते काम होते, पण ते करावे कसे हे हाताला कळत नाही.

‘कोणी मज्जाव केलेला नाही’ या स्थितीचे अचूक वर्णन एका अमेरिकन स्त्रीवादी लेखिकेने संगणक घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधी केले होते. त्या काळच्या स्त्रीमुक्ती गटांना अध्यक्ष, नियम, पदे यांचा तिटकारा होता. सगळ्या सारख्या, मग रचना कशाला? जो फ्रीमन यांनी १९७० साली एका भाषणात या कल्पनेवर टीका केली आणि १९७२ साली ते विवेचन लेखरूपाने छापले गेले. त्यांचे म्हणणे असे की, रचना नसलेला गट अस्तित्वातच नसतो. उघड रचना नाकारली की लपलेली रचना तयार होते. मग ज्यांची आपसांत मैत्री आहे, ज्यांच्याकडे वेळ आहे, ज्यांना आतली भाषा येते त्यांच्या हाती सत्ता जाते. वाईट असे की, ही सत्ता कोणी दिलेली नसल्यामुळे ती काढूनही घेता येत नाही. स्त्रियांनी स्त्रियांच्या चळवळीविषयी केलेले हे आत्मपरीक्षण मुक्त सॉफ्टवेअरच्या अनेक प्रकल्पांना शब्दशः लागू पडते. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा लेख अवश्य मिळवून वाचावा, असे मला वाटते.

दुसरे उत्तर अधिक जुने आहे. कोणत्या कामाला ‘तंत्र’ म्हणायचे आणि कोणत्या कामाला ‘मदत’, हे कामावरून ठरत नाही. ते करणारे हात पाहून ठरते. आम्हा सोलापूरकरांना हे सांगायला दूर जावे लागत नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी विणणारे जॅकार्ड फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास तयार झाले. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या मालिकेवरून कोणता धागा उचलायचा हे ते यंत्र ठरवते. भोक आहे किंवा नाही, दोनच शक्यता. याच पुठ्ठ्यांची कल्पना चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी घेतली, आणि त्या यंत्रावर १८४३ साली विस्तृत टिपा लिहिताना एडा लव्हलेस यांनी त्याची तुलना मागाशीच केली. म्हणजे संगणकाचे एक मूळ मागात आहे. माझे वडील मागावर असतात. आई कांड्या भरते. कांडी भरलेली नसेल तर माग एक वीतही विणणार नाही. परंतु अर्जातील व्यवसायाच्या रकान्यात वडिलांपुढे ‘विणकर’ असे लिहिले जाते आणि आईपुढे ‘घरकाम’.

संगणकाच्या इतिहासात हेच घडले. एनिअॅक हे अमेरिकेतील सुरुवातीचे प्रचंड विद्युत् गणनयंत्र. १९४६ साली ते फिलाडेल्फिया येथे जगापुढे आले. त्याच्याकडून गणिते करून घेण्याची आखणी सहा तरुण स्त्रियांनी केली होती. के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रुथ लिक्टरमन. शिकवायला पुस्तक नव्हते; यंत्राचे नकाशे वाचून त्यांनी ते काम बसवले. यंत्राच्या यशाप्रीत्यर्थ झालेल्या मेजवानीला मात्र त्यांना बोलावणे नव्हते. यंत्र बांधणे हे अवघड आणि पुरुषी काम समजले जाई. त्याला आज्ञा देणे हे कारकुनी. पुढे त्या ‘कारकुनी’ला पैसा आणि प्रतिष्ठा आली तेव्हा ते काम हळूहळू पुरुषांचे झाले.

त्याहून विलक्षण उदाहरण चंद्रावर गेलेल्या अपोलो यानाचे आहे. त्या यानाच्या संगणकाची कायमची स्मृती अक्षरशः विणलेली होती. बारीक चुंबकीय कड्यांची रांग असे. तार कडीच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. हे विणकाम मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम येथे रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात स्त्रिया करीत. त्यांतल्या कित्येकजणी कापडाच्या आणि घड्याळांच्या कारखान्यांतून आलेल्या होत्या. एक तार चुकली तर आज्ञा चुकली. तिथल्या अभियंत्यांनी या स्मृतीला थट्टेने ‘म्हाताऱ्यांची स्मृती’ अशा अर्थाचे नाव पाडले होते. चंद्रावर पोहोचवणारे सॉफ्टवेअर बायकांच्या बोटांतून गेले, आणि इतिहासात त्याची नोंद विनोद म्हणून झाली.

इथे कला कुठून आली, असे कोणी विचारील. मला वाटते, दुर्लक्षित काम डोळ्यांपुढे आणण्याचे कौशल्य कलावंतांकडे असते म्हणून. मिअर्ल लॅडरमन युकेलीस या न्यूयॉर्कच्या शिल्पकार. मूल झाल्यावर त्यांचा सारा दिवस धुणे, पुसणे, भरवणे यांत जाऊ लागला. १९६९ साली त्यांनी एक जाहीरनामा लिहून टाकला की, हे राखण्याचे, निगा करण्याचे काम हीच माझी कला. १९७३ साली हार्टफर्ड येथील कलासंग्रहालयाच्या पायऱ्या आणि फरशी त्यांनी प्रेक्षकांदेखत धुतल्या. १९७९-८० मध्ये न्यूयॉर्क शहरातील साडेआठ हजार सफाई कामगारांशी एकेक करून हस्तांदोलन केले आणि प्रत्येकाचे आभार मानले. फरशी धुणे ही कला कशी, यावर वाद घालता येईल. आमच्या घरी हे सांगितले तेव्हा बरीच हसाहस झाली. पण एक प्रश्न त्यांनी कायमचा उभा केला. नवे घडवणाऱ्याचे नाव होते. घडलेले रोज टिकवून धरणाऱ्याचे का होत नाही?

हा प्रश्न सॉफ्टवेअरला किती लागू आहे हे २०१४ साली जगाला कळले. ‘ओपन-एस.एस.एल.’ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर इंटरनेटवरील असंख्य व्यवहारांची गुप्तता राखते. त्यात ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष सापडला आणि मग लक्षात आले की ज्याच्या भरवशावर बँका आणि बाजार चालतात त्यावर पूर्ण वेळ काम करणारा माणूस जेमतेम एक आहे. सर्वांना मुक्तपणे वापरता येणारी वस्तू; तिची निगा राखण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही. सार्वजनिक नळासारखे झाले. पाणी सगळे भरतात.

ब्रुसेल्स येथील ‘कॉन्स्टंट’ ही संस्था १९९७ पासून नेमक्या या जागी काम करीत आली आहे. कला, मुक्त सॉफ्टवेअर आणि स्त्रीवाद या तिन्हींचा ती एकत्र विचार करते. २०१३ च्या डिसेंबरात तिने भरवलेल्या एका मेळाव्यातून ‘स्त्रीवादी सर्व्हर’ची कल्पना जाहीरनाम्याच्या रूपाने पुढे आली. सर्व्हर म्हणजे आपली पत्रे, छायाचित्रे, मजकूर सांभाळणारा आणि मागताच हजर करणारा, कुठे तरी दूर चालू असलेला संगणक. नावातच सेवा आहे. ही सेवा चोवीस तास, तक्रार न करता, न दिसता झाली पाहिजे अशी आपली अपेक्षा असते. घरच्या बाईकडून असते तशीच. जेवण वेळेवर झाले तर कोणी बोलत नाही. एक दिवस चूल पेटली नाही की घर डोक्यावर घेतले जाते. जाहीरनाम्याचा आशय असा की, सर्व्हर ही ठरावीक ठिकाणी असलेली, ठरावीक माणसांनी जपलेली वस्तू आहे. तिला आपलेपणाने जपणारा समूह हवा, तिची रचना सर्वांना उघडून पाहता यावी, आणि ती कधी बंद पडली तर तिने ओशाळे होऊ नये. शेवटची कल्पना मला फार आवडली. त्या जाहीरनाम्यात सर्व्हरसाठी इंग्रजी स्त्रीलिंगी सर्वनाम वापरले आहे. मराठीत आपण ‘तो सर्व्हर’ म्हणतो; काम मात्र तिचे.

याच संस्थेने २०२० साली एक नवा परवानाही मांडला. स्टॉलमन यांचे पहिले स्वातंत्र्य ‘कोणत्याही कामासाठी’ असे आहे. या परवान्याचे म्हणणे वेगळे. लेखन, चित्र, आज्ञावली ही कोणा एकाची निर्मिती नसते; ती पुढे वापरताना ज्यांच्याकडून ती आली त्यांच्यावर काय परिणाम होईल याचा विचार वापरणाऱ्याने केला पाहिजे. मुक्त सॉफ्टवेअरच्या निष्ठावंतांना हे खटकते. विचार केला की नाही हे ठरवणार कोण? अट आली की स्वातंत्र्य संपले! हा आक्षेप पोकळ नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मी स्टॉलमन यांच्या बाजूची आहे, कारण ‘योग्य कामासाठीच वापरा’ अशी अट उद्या बलवान माणूस दुबळ्यावर लादील. परंतु कलेच्या बाबतीत मला तसे म्हणवत नाही, आणि त्याचे कारण आपल्या घरातच आहे.

ते कारण जात्यावरच्या ओव्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील सुमारे हजार गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तीन हजारांवर गायिका! बर्नार्ड बेल या संगीत-अभ्यासकाच्या मदतीने त्या संगणकावर वर्गवार बसवल्या गेल्या, आणि २०१७ पासून ‘परी’ हे ग्रामीण भारताचे संग्रहालय त्या ध्वनिमुद्रणासह आणि भाषांतरासह प्रसिद्ध करीत आहे. ‘परी’चे विशेष असे की ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव दिले जाते. ओवी नेहमीच मुक्त होती. परवान्याशिवाय ती एका जात्यावरून दुसऱ्या जात्यावर गेली, प्रत्येकीने आपला शब्द घातला, कोणी कोणाकडे मालकी मागितली नाही. पण मुक्त असल्यामुळेच ती निनावीही राहिली. ‘लोकगीत’ एवढी मोहोर उठवली की कोणीही ती उचलावी, चाल लावावी, आपल्या नावावर खपवावी. दळणारीचे नाव कोठे येतच नाही. तेव्हा ‘मुक्त’ या शब्दाबरोबर ‘कोणाची’ हा प्रश्नही चालत आला पाहिजे. कॉन्स्टंटच्या मंडळींना आपली ओवी ठाऊक असण्याचे कारण नाही, परंतु त्यांचा परवाना वाचताना मला सारखी तीच आठवत होती.

ॲमस्टरडॅममध्ये २००० च्या सुमारास काही स्त्रियांनी ‘जेंडरचेंजर्स’ नावाचा गट काढला. हे नाव एका साध्या जोडणीचे आहे. दोन तारांची टोके एकमेकांत बसत नसतील तर मध्ये जो तुकडा लावतात त्याला तांत्रिक बोलीत ‘जेंडर चेंजर’ म्हणतात, आणि त्या टोकांना नर-मादी म्हणण्याची पद्धत आहे (आपले वायरमनही तसेच म्हणतात). या गटाचा अभ्यासक्रम अगदी मुळापासून होता. टाकून दिलेला संगणक आणायचा, पेचकस घ्यायचा, सगळे भाग सुटे करून टेबलावर मांडायचे, प्रत्येकाचे नाव आणि काम समजून घ्यायचे, आणि पुन्हा जोडून त्यावर मुक्त सॉफ्टवेअर चढवायचे. एकीला जे आले ते तिने दुसरीला शिकवायचे. यातून पुढे एक फिरता मेळावा सुरू झाला. पहिला २००२ साली क्रोएशियातील पुला या गावी भरला. दरवेळी गाव वेगळे, शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या त्याच त्या उलटसुलट.

स्टॉलमन यांचे दुसरे स्वातंत्र्य, आत काय आहे ते पाहण्याचे आणि बदलण्याचे, या बायकांनी पेचकसाने सुरू केले, हे मला महत्त्वाचे वाटते. आज्ञावली वाचायला इंग्रजी यावे लागते, त्या आज्ञांची भाषा यावी लागते, आणि दोन्हींना वर्षे लागतात. डबा उघडायला एक दुपार पुरते. शिवणयंत्राचा शटल काढून, पुसून, तेल घालून परत बसवणाऱ्या बायका आमच्या गल्लीत घरटी एक सापडेल; त्यांना कोणी ‘यंत्राचे ज्ञान असलेल्या’ म्हणत नाही, पण भीती नावाची गोष्ट त्यांच्या हातात नसते.

आपल्या महाविद्यालयाच्या भांडारात मोडीत काढलेले दोन जुने संगणक पडून आहेत. ते उघडून पाहण्याची आणि त्यासाठी आठवड्यातून एकदा दुपारी बारा ते दोन ही वेळ मिळावी, असा अर्ज आम्ही द्वितीय वर्षाच्या सात मुलींनी दिलेला आहे. पेचकस आमचे आम्ही आणू.